उपनगरातला मतदानाचा टक्का आणि सोसायट्यांचा कल: केंद्रनिहाय आकडे कसे वाचायचे?

बालेवाडी_फाटा

बाणेर-बालेवाडीतल्या सोसायट्यांच्या महासंघासाठी आठ-दहा पानांचं टिपण करायचं आहे. निमित्त जुनंच. प्रत्येक निकालानंतर दोन वाक्यं फिरतात: "सोसायटीवाले घराबाहेर पडत नाहीत" आणि "पडतात ते एकाच चिन्हावर शिक्का मारून येतात". (शिक्का जाऊन यंत्र आलं, वाक्य तेच राहिलं.) खरी असतील, खोटी असतील, पण आकडा कोणी दाखवत नाही.

पुणे लोकसभेचे ढोबळ आकडे हाताशी आहेत: १३ मे २०२४ ला सुमारे ५३.५ टक्के, २०१९ ला पन्नाशीच्या आसपास. त्यातून बालेवाडीचं काहीच कळत नाही. एकेका सोसायटीचं नाही तरी एकेका मतदान केंद्राचं चित्र हवं आहे. म्हणजे किती जणांनी मत दिलं, कोणाला किती पडली, आणि लोकसभा २०२४, विधानसभा २०२४ व महापालिका जानेवारी २०२६ या तीन मतदानांत काय हललं. कागद कोणते, कुठून घ्यायचे, जोडताना कुठे फसायला होतं? आणि यादीत नावच नसलेल्यांसाठी आत्ता, निवडणूक समोर नसताना, काय करून ठेवता येईल? आवाहनं नकोत, ती व्हॉट्सॲपवर पोत्याने आहेत.

फॉर्म_वीस

सुरुवात फॉर्म २० पासून करा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने सही केलेलं हे अंतिम निकालपत्रक, मतदान केंद्रनिहाय. लोकसभा आणि विधानसभेचे फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतात. लोकसभेचा फॉर्मही विधानसभा क्षेत्रानुसार तुटक दिलेला असतो, त्यामुळे कोथरूडपुरता काढता येतो. बाणेर-बालेवाडी कोथरूडमध्येच येतं.

एका ओळीत काय असतं ते नीट बघा. डावीकडे केंद्र क्रमांक, मग प्रत्येक उमेदवाराची मतं, मग एकूण वैध मतं, बाद मतं, नोटा, एकूण, आणि शेवटी प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिल्यामुळे वेगळ्या कागदावर दिलेली). आता यात काय नसतं ते बघा: त्या केंद्राच्या यादीत नावं किती होती. म्हणजे टक्केवारीचा अंश मिळतो, छेद मिळत नाही. निम्मी टिपणं इथेच बिघडतात, कारण लोक छेद म्हणून आज डाउनलोड केलेल्या यादीतला आकडा घालतात. मतदानाच्या दिवशीचा आकडा हवा. तो १७-सी फॉर्मवर असतो. केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर तो भरतो आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला सही करून प्रत देतो. कुठल्याही पक्षाच्या बूथवाल्याकडे जुन्या पिशवीत सापडतो, मागून बघा. नाही मिळाला तर त्या निवडणुकीसाठी प्रसिद्ध झालेली अंतिम यादी आणि तिची पुरवणी एकत्र करून मोजा. प्रत्येक भागाच्या (एका केंद्राची यादी म्हणजे एक भाग) शेवटच्या पानावर पुरुष, महिला, तृतीयपंथी अशी बेरीज छापलेली असते, एकेक चौकट मोजत बसावं लागत नाही.

पुढचा सापळा केंद्र क्रमांकाचा. मे २०२४ चं केंद्र २१० आणि नोव्हेंबर २०२४ चं केंद्र २१० एकच असेल, असं धरू नका. मधल्या काळात केंद्रांची फेररचना झाली, सोसायट्यांच्या आवारात नवी केंद्रं आली, त्यामुळे पुढचे क्रमांक सरकले. काही ठिकाणी मूळ केंद्राला "अ" जोडून सहायक केंद्र केलेलं असतं. क्रमांकावरून कधीच जुळवू नका. यादीच्या पहिल्या पानावर त्या भागातले विभाग दिलेले असतात, म्हणजे कुठली गल्ली, कुठली सोसायटी, कुठलं गावठाण. त्यावरून जुळवा. वेळ लागतो. तीन मतदानांसाठी साठ केंद्रं जुळवायची तर दोन जणांचे दोन रविवार जातात.

आणि टपाली मतं. ती फॉर्म २० मध्ये शेवटी एका ओळीत येतात, कुठल्याही केंद्राच्या खात्यावर पडत नाहीत. यात ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांनी १२-ड अर्ज भरून घरून दिलेली मतंही आली. त्या मतदाराचं नाव मात्र केंद्राच्या यादीत कायम असतं, फक्त समोर टपाली मतपत्रिकेची खूण असते. ज्या केंद्रात ज्येष्ठ जास्त (कर्वेनगर, एरंडवणे, कोथरूड डेपोचा जुना भाग) तिथली टक्केवारी त्यामुळे एक-दोन बोटं कमी दिसू शकते. बालेवाडीत हा फरक नगण्य.

डाव्या_बोटाची_शाई

वरच्या उत्तरात छेदाचं आलं, पण छेद स्वच्छ आहे का हा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या कडेच्या भागात कमी टक्का हा बऱ्याचदा यादीचा आजार असतो, मतदाराचा नाही.

उदाहरणादाखल आकडे घेतो. भागात नावं १,१६८. मतदान ४९७. टक्का ४२.६. बातमी तयार: "उच्चभ्रू उदासीन". आता घरोघर पडताळणी केली आणि निघाले मृत ३१, घर सोडून गेलेले २१४, दुबार ३८. उरले ८८५. तेच ४९७ आता ५६.२ टक्के होतात. एकाही माणसाचं वागणं बदललेलं नाही.

भाड्याच्या घरांचा पट्टा असेल तर "घर सोडून गेलेले" हा आकडा फुगतोच. हिंजवडीत नोकरी, बालेवाडीत अकरा महिन्यांचा करार, मग वाकड, मग बंगळुरू. नाव मात्र बालेवाडीच्या पहिल्या फ्लॅटवर. तोच माणूस उलट बाजूनेही मोजला जातो: नाव गावाकडे, राहायला इथे. तो तुमच्या छेदातही नाही आणि अंशातही नाही, म्हणून टक्केवारीत दिसतच नाही. सोसायटीत १८ वर्षांवरचे रहिवासी किती आणि त्यातले यादीत किती, हा आकडा टिपणात वेगळ्या रकान्यात ठेवा. माझ्या मते तो टक्क्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

एक सावधगिरी. दुबार आणि स्थलांतरित छेदातून वजा करताना, त्यांच्यापैकी कोणी येऊन मत देऊन गेलं असेल ते अंशात राहतं. गाव सोडून आलेला जसा इथून तिकडे मतदानाला जातो, तसा वाकडला गेलेला बालेवाडीत येऊन मत देतोच. हे तपासायला चिन्हांकित यादी (मत दिलेल्यांच्या नावांवर खुणा केलेली) आणि १७-अ नोंदवही (मतदारांच्या सह्यांची) लागते, आणि ती मतमोजणीनंतर सीलबंद असते, न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. म्हणून दुरुस्त टक्का नेहमी "इतका ते इतका" असाच लिहा. वरच्या उदाहरणात "४३ ते ५६ च्या दरम्यान, बहुधा वरच्या टोकाकडे" हे प्रामाणिक वाक्य झालं.

मतदानाच्या दिवशी केंद्रावरून माणूस परत का जातो, त्याची कारणं ठरलेली असतात. सगळ्यात मोठं म्हणजे केंद्र चुकणं. नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या. कारण दोघांची नावं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या भागांत गेलेली. दुसरं, मोबाइल. केंद्रात फोन नेता येत नाही, त्यामुळे डिजिलॉकरमधलं आधार तिथे निरुपयोगी. छापील आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी काहीतरी हातात हवं. एकटी माणसं (वॉचमन, डिलिव्हरीवाले, एकट्याने आलेल्या बायका) फोन ठेवायचा कुणाकडे म्हणून मागे फिरतात. तिसरं, नुसती मतदार चिठ्ठी घेऊन येणं. चिठ्ठीवर भाग आणि अनुक्रमांक असतो म्हणून ती कामाची, पण २०१९ पासून ती ओळखपत्र म्हणून चालत नाही.

आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत दिलं असेल तर भांडून घरी जाऊ नका, प्रदत्त मत मागा. केंद्राध्यक्षाने ओळख तपासली की कागदी मतपत्रिका मिळते, ती लिफाफ्यात वेगळी जाते. मोजणीत येत नाही हे खरं, पण फॉर्म २० च्या त्या शेवटच्या रकान्यात आकडा पडतो. शून्याऐवजी ४ दिसले की त्या भागातली यादी कशी आहे ते कोणाला सांगावं लागत नाही.

नगररस्ता

कलाबद्दल. "एकाच चिन्हावर" हे उपनगरांना सरसकट लावणं चुकीचं, निदान पुण्यात. दोन टोकं समोर ठेवा.

वडगाव शेरी: खराडी, विमाननगर, कल्याणीनगर, लोहगाव. २००९ ला बापूसाहेब पठारे (राष्ट्रवादी), २०१४ ला जगदीश मुळीक (भाजप), २०१९ ला सुनील टिंगरे (राष्ट्रवादी), २०२४ ला पुन्हा पठारे, पण शरद पवार गटाकडून. चार निवडणुकांत एकही आमदार लागोपाठ दोनदा नाही. इथे टोलेजंग सोसायट्या काही कमी नाहीत.

खडकवासला: धायरी, वारजे, सिंहगड रस्ता. २०११ च्या पोटनिवडणुकीपासून भीमराव तापकीर, २०१४, २०१९, २०२४ लागोपाठ. शिवाय बारामती लोकसभेत सुप्रिया सुळे जिंकत असताना खडकवासल्याने २०१४, २०१९ आणि २०२४ तिन्ही वेळा विरोधी उमेदवाराला आघाडी दिली. हा कल पक्का म्हणता येतो. तरी २०१९ च्या विधानसभेत तापकिरांचा निसटता विजय होता, म्हणजे लोकसभेतला कल विधानसभेत जसाच्या तसा उतरत नाही.

तुमचं कोथरूड मधे कुठेतरी. २००९ ला शिवसेनेचे चंद्रकांत मोकाटे, २०१४ पासून भाजप. त्यातही आकडा वाचताना समोर कोण होतं ते लिहा. मे २०२४ मध्ये मुरलीधर मोहोळांसमोर काँग्रेसचा हात होता, नोव्हेंबरमध्ये चंद्रकांत पाटलांसमोर मशाल आणि मनसेचं इंजिन. हाताची मतं वजा मशालीची मतं, असं गणित मांडून "इतकी मतं फुटली" म्हणणं हा शुद्ध अंदाज. निम्मे लोक घरीही राहिले असतील, नवे आले असतील. महापालिकेला तर पाटीच बदलली: २०२४ च्या विधानसभेत एकमेकांसमोर असलेल्या दोन्ही राष्ट्रवादी जानेवारी २०२६ ला पुण्यात एकत्र लढल्या, आणि भाजप-शिंदेसेना वेगळे. पक्षनिहाय रकाने तीन निवडणुकांत सरळ शेजारी ठेवलेत तर वाचणारा फसेल.

अजून एक हिशोब, छोटा पण नेहमी चुकणारा. केंद्रावर 'क' पक्षाला मेमध्ये ५०० पैकी ३०० मतं, नोव्हेंबरमध्ये ५६० पैकी ३००. वाटा ६० वरून ५३.६ वर आला. मतं तेवढीच. म्हणून प्रत्येक पक्षासाठी दोन टक्के काढा, वैध मतांतला वाटा आणि यादीतल्या एकूण नावांतला वाटा. दुसरा आकडा बऱ्याचदा पहिल्याची गोष्ट मोडतो.

बालेवाडी_फाटा

हे सोनं आहे. दोन शंका. एक, आमच्याकडच्या बहुतेक केंद्रांत दोन-तीन सोसायट्या आणि गावठाणाचा तुकडा एकत्र आहे. मग सोसायटीचा कल वेगळा कसा काढायचा? दोन, महापालिकेचे आकडे विधानसभेच्या भागांशी जुळत नाहीयेत, बेरीजच वेगळी येते.

फॉर्म_वीस

पहिल्याचं उत्तर: थेट काढता येत नाही, आणि काढला असं लिहूही नका. मत गुप्त आहे, केंद्राच्या खाली काहीच फुटत नाही. पण आडमार्ग आहे. यादीत विभागवार नावं मोजा आणि प्रत्येक केंद्रासाठी "सोसायट्यांतली नावं किती टक्के" हा रकाना करा. काही केंद्रं ९० टक्के सोसायटी असतील, काही ६०, काही २०. मग आडव्या रेषेवर हा टक्का आणि उभ्या रेषेवर मतदानाचा टक्का मांडा, केंद्रागणिक एक ठिपका. ठिपके तिरक्या ओळीत पडले तर काहीतरी आहे. विखुरले तर "सोसायटीवाले येत नाहीत" हे वाक्य त्या पट्ट्यापुरतं तरी गेलं. पक्षाच्या वाट्यासाठी असाच दुसरा आलेख. तीस-चाळीस केंद्रं तरी हवीत, आठ-दहांवर आकृती काढून निष्कर्ष काढू नका. आणि एवढं करूनही "सोसायटीतल्या लोकांनी अमक्याला मत दिलं" असं म्हणता येत नाही. "सोसायट्या जास्त असलेल्या केंद्रांत अमक्याला जास्त" इतकंच.

यादीची पीडीएफ चित्रस्वरूपात असते, शोध चालत नाही. पानावर तीस चौकटी, त्यात घर क्रमांकाच्या जागी बऱ्याचदा नुसतं "७०२" किंवा एक आडवी रेघ. सोसायटीचं नावच नाही. अशा वेळी विभागाच्या शीर्षकावर विसंबा, ते प्रत्येक पानावर वर छापलेलं असतं. वगळलेल्या नावावर तिरका शिक्का असतो, तो मोजणीत धरू नका.

सूस_पूल

दुसऱ्या शंकेचं उत्तर नकाशात आहे. तुमचा प्रभाग ९ म्हणजे सूस-बाणेर-पाषाण. सूस, म्हाळुंगे मुळशी तालुक्यातली, जून २०२१ ला महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. महापालिकेसाठी ती तुमच्याबरोबर, पण विधानसभेला भोर मतदारसंघात आणि लोकसभेला बारामतीत. २०२४ ला त्यांनी ७ मे ला मत दिलं आणि पुलाच्या अलीकडे बाणेरने १३ मे ला. एकाच प्रभागातले मतदार, पण दोन वेगळ्या लोकसभा, दोन वेगळ्या तारखा, उमेदवारही वेगळे. कोथरूडच्या फॉर्म २० शी प्रभागाची बेरीज जुळणारच नाही. खराडी-वाघोलीचा प्रभाग ४ घ्या, तिथेही तेच: खराडी वडगाव शेरीत आणि पुणे लोकसभेत, वाघोली शिरूर विधानसभेत आणि शिरूर लोकसभेत.

महापालिकेची यादी स्वतंत्र तयार होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेतो (या वेळी १ जुलै २०२५) आणि प्रभागांत तोडतो. म्हणून ऑगस्टमध्ये नाव नोंदवून ओळखपत्र हातात आलेला माणूस जानेवारीत यादीत नसतो, आणि केंद्रावर हुज्जत घालतो. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात टाकल्याची. नवं नाव त्या टप्प्यावर घुसवता येत नाही. सीमेवरच्या सोसायट्यांची तोडणी चुकलेली असणं हे अगदी नेहमीचं. विधानसभेचा एक भाग दोन प्रभागांत गेला की कारकून रस्त्याची बाजू बघून नाही, विभागाचं नाव बघून तोडतो.

प्रभागाची रचना २०११ च्या जनगणनेवर आहे, महापालिका हद्दीत सुमारे ३४.८ लाख. १६५ नगरसेवक, ४१ प्रभाग, ४० मध्ये चार-चार आणि एकात पाच. २०११ ला बालेवाडीत काय होतं ते आठवा. कागदावर सगळे प्रभाग सारख्या वजनाचे, प्रत्यक्षात कडेच्या प्रभागांत मतदार कितीतरी जास्त. त्यामुळे "आमच्या प्रभागात पडलेली एकूण मतं" आणि पेठांतल्या प्रभागाची मतं शेजारी ठेवून उत्साह मोजू नका, टक्काच बघा.

केंद्रनिहाय तक्ता महापालिकेच्या निवडणूक विभागाकडे मागा. सरळ मिळाला नाही तर माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. राज्याच्या नियमांत तसं आहे, तीन विषय घातले की अर्ज परत. "प्रभाग ९, मतदान दि. १५ जानेवारी २०२६, केंद्रनिहाय मतदार संख्या, झालेलं मतदान व उमेदवारनिहाय मतं, अ ते ड जागा" एवढं पुरे.

डाव्या_बोटाची_शाई

प्रभागाचा तक्ता हाती आला की त्यात विधानसभेला न दिसणारी एक चीज मिळते. एका मतदाराला चार मतं, जागा अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. चारही जागांवर बटण दाबून झाल्यावर शेवटची लांब बीप. म्हणून एका केंद्रात चारही जागांची एकूण मतं (नोटा धरून) सारखी यायला हवीत. नाही आली तर तक्ता उतरवताना चूक आहे, आधी ती शोधा.

मग एकाच पक्षाचे चार उमेदवार शेजारी ठेवा. अ ला ३१०, ब ला ३०२, क ला २९६, ड ला २४२ असं दिसलं तर निदान अडुसष्ट लोकांनी पॅनेल मोडलं, म्हणजे चारही मतं त्या एका पक्षाला दिली नाहीत. हेच "एकाच चिन्हावर" या वाक्याचं खरं मोजमाप. चारही आकडे दोन-तीन टक्क्यांत असतील तर पक्ष चालला. एखादाच सुटून वर गेला असेल तर माणूस चालला, मग तो स्थानिक असेल, जुना असेल, टँकर वेळेवर पाठवणारा असेल. नोटाही चारही जागांवर बघा. उमेदवार माहीतच नसलेल्या जागेवर नोटा वाढतो, कारण काहीतरी दाबल्याशिवाय सुटका नाही. विधानसभेच्या नोटाशी त्याची तुलना करू नका.

वेळेचंही लिहून ठेवा: लोकसभा-विधानसभेला ७ ते ६, महापालिकेला साडेसात ते साडेपाच. एक तास कमी, तोही दोन्ही टोकांचा, जो नोकरदाराचा असतो. १३ मे सोमवार होता, शाळांना सुट्टी, शनिवार-रविवार जोडून आला. १५ जानेवारी संक्रांतीचा दुसरा दिवस. टक्का खालावला की लगेच लोकांच्या मनात शिरण्याआधी दिनदर्शिका उघडा.

भाग_१२३_अ

यादीचं काम, जे आत्ताच करायचं, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते. त्याआधी सात दिवस हरकतीचे आणि पडताळणीचे धरा. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर पळापळ करणाऱ्यांच्या हातात जेमतेम आठवडा असतो.

घर बदललेल्याने फॉर्म ६ भरायचा नाही, फॉर्म ८ भरायचा. मतदारसंघ तोच असो वा दुसरा, ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर, दुरुस्ती, हरवलेलं ओळखपत्र, दिव्यांग नोंद सगळं फॉर्म ८ वर आहे. फॉर्म ६ फक्त ज्याचं नाव देशात कुठेच नाही त्याच्यासाठी. साताऱ्याला नाव असताना इथे फॉर्म ६ भरला की दुबार तयार. आणि "माझं नाव अन्यत्र नाही" हे खाली सही करून दिलेलं असतं. खोटं निघालं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. कोणी धरत नाही ही गोष्ट वेगळी. महापालिकेच्या यादीत या वेळी संभाव्य दुबारांपुढे दोन तारे होते, तारा लागलेल्याकडून कुठे मत देणार ते लिहून घेतलं.

नव्या मतदारांना वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेला मुलगा आधीच अर्ज करून ठेवू शकतो.

भाडेकरूंना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नोटरी केलेला नाही. इथे घरमालक नाक मुरडतात, "नाव लागलं की घर सोडणार नाही" म्हणून. मतदार यादीतल्या नावाने घरावर कसलाही हक्क येत नाही, हे सोसायटीच्या सूचनाफलकावर एकदा लावा. निम्मी अडवणूक तिथेच संपते.

अर्ज ऑनलाइन भरला की काम झालं असं नाही. बीएलओ (केंद्रस्तरीय अधिकारी, त्या भागाची यादी सांभाळणारा) पडताळणीला येतो, आणि तो येतो दुपारी, कारण तो शाळामास्तर किंवा अंगणवाडीताई असतो. गेटवर अडवलं जातं, इंटरकॉम उचलला जात नाही, शेरा पडतो "पत्त्यावर आढळले नाही" आणि अर्ज नामंजूर. महासंघाने करण्यासारखं एकच काम सांगायचं तर हे: प्रत्येक सोसायटीत विंगवार एक माणूस ठरवा, त्याचा क्रमांक बीएलओला द्या, आणि बीएलओचं नाव गेटवर लिहून ठेवा.

गठ्ठ्याने दोनशे फॉर्म घेऊन कचेरीत जाऊ नका, घेत नाहीत. एका कुटुंबाचे एकत्र चालतात. पक्षाच्या बीएलएला (केंद्रावरच्या नेमलेल्या प्रतिनिधीला) बीएलओकडे दिवसाला दहापर्यंत देता येतात. त्यापेक्षा बीएलओलाच रविवारी क्लबहाउसमध्ये बसवा, आधी तहसील पातळीवरच्या निवडणूक शाखेला पत्र देऊन.

फॉर्म ७ (नाव वगळणे) सोसायटीच्या सचिवाने परस्पर भरू नये. मयताच्या घरच्यांकडून मृत्यूचा दाखला जोडून एकेक. गेलेल्या भाडेकरूला फोन करून त्यालाच फॉर्म ८ भरायला सांगणं जास्त सरळ, जुनं नाव आपोआप निघतं. "आमच्या विचाराचे नाहीत" म्हणून फॉर्म ७ टाकण्याचे प्रकार होतात, हरकत घेणाऱ्याची सही आणि स्वतःचा मतदार क्रमांक त्यावर असतो हे विसरून.

सोसायटीत केंद्र हवं असेल तर तळमजल्यावर निदान २० चौरस मीटरची खोली, आत-बाहेर जायला शक्यतो वेगळी दारं, उतार, वीज, पाणी, स्वच्छतागृह. केंद्र तुमच्या आवारात असलं तरी बाहेरच्या वस्तीतले मतदारही तिथे जोडलेले असू शकतात. त्यांना गेटवरच्या वहीत नाव, फ्लॅट क्रमांक, "कोणाकडे जायचंय" लिहायला लावलंत तर तक्रार होते, आणि व्हायलाच हवी. त्या दिवशी वही टेबलाच्या खणात.

बालेवाडी_फाटा

आभार. फॉर्म २० उतरवून विभागवार जुळणी सुरू करतो. १७-सीसाठी दोन पक्षांच्या बूथवाल्यांना विचारलंय. एकाने "कशाला हवाय?" असं विचारलं, दुसऱ्याने फोटो पाठवला. फोटोत शेवटचा रकाना कापला गेलाय.

फॉर्म_वीस

पुन्हा मागा. पहिल्या भागातले दोनच आकडे तुम्हाला लागतात: केंद्राला नेमलेले एकूण मतदार आणि यंत्रात नोंदलेली एकूण मतं. खाली प्रतिनिधींच्या सह्या दिसतायत ना तेवढं बघून घ्या, बिनसह्यांचा कागद टिपणात वापरू नका.